अर्धलीचं मांजर

भांडगावच्या कॅनॉलकडेच्या वस्तीवर बानूबाईच्या घरी मांजर मागायला यायचं, तर मुलगी मागायला आल्यासारखं यावं लागतं. मुलगी मागायला येणाऱ्याला निदान पोहे मिळतात, इथं आधी प्रश्न मिळतात. घर स्वतःचं का भाड्याचं? भाड्याचं असेल तर मालकाला विचारलंय का? खिडक्यांना जाळी हाय का? दिवसभर घरात माणूस कोण असतं? पंखा कुठल्या खोलीत? पुण्याहून मोठी गाडी घेऊन आलेला एक गृहस्थ या पंख्याच्या प्रश्नाला हसला, तर बानूबाईनं त्याला हात करून कॅनॉलचा पूल दाखवला. "गाडी तिथनं वळती," म्हणाली.

बानूबाईचं वय चोपन्न. बाप, सासरा, नवरा, सगळे मेंढरांमागं फिरले. नवरा वारला तेव्हा तिनं शेवटची चाळीस मेंढरं विकली, दोन जर्सी गाई घेतल्या आणि एका जागी राहायला शिकली. ते शिकणं तिला जड गेलं. कळप डोक्यातून जात नव्हता. कुठली मेंढी कुणाच्या पोटची, तिची आजी कुठली, कुठल्या मेंढ्याचं वाण लंगडं निघालं, हे सगळं ती अजून झोपेतून उठवलं तरी सांगते. एक मेंढा एका कळपात दोन वर्षांवर ठेवायचा नाही, नाहीतर तो आपल्याच लेकींवर जातो. हे तिला शाळेत न जाता ठाऊक होतं.

अशा घरात सहा वर्षांपूर्वी पर्शियन मांजर आलं. बानूबाईचा मुलगा संपत रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला जातो आणि शिक्रापूरला खोली करून राहतो. त्याच्या शेजारच्या इंजिनिअर बाईंची चेन्नईला बदली झाली आणि त्यांनी आपली मांजरी कागदपत्रांसकट त्याच्या गळ्यात घातली. संपतनं ती टोमॅटोच्या क्रेटमध्ये घालून आईकडं आणली. बानूबाईनं वाकून बघितलं.

"ह्याच्या तोंडावर दार आपटलंय का रं?"

"तसंच असतं ते, आये. जातिवंत हाय. हा बघ कागद, तीन पिढ्यांची नावं हायती."

"वाच."

संपतनं वाचली. बानूबाई लक्ष देऊन ऐकत होती. "आजा, पणजा समदे इंग्रज दिसत्यात," ती म्हणाली, आणि नावं पुन्हा एकदा वाचून घेतली. तिसऱ्या वेळी तिनंच ती म्हणून दाखवली. मांजरीला मात्र ती लोणी म्हणाली.

पुढं जे झालं त्याला संपत "आईचा छंद" म्हणतो आणि गाव "बानूबाईचं खूळ" म्हणतं. घरात मोठी मांजरं तीनच. वर्षाला एक वेत, एखाद्या वर्षी तेही नाही. नर घरात ठेवायचा नाही. दौंडला रेल्वेत असलेल्या रविराजकडं एक कागदवाला बोका आहे, तिकडं मांजरी न्यायची. त्याच्याही गालाच्या आतून कापसाची काडी फिरवून ती कुरिअरनं तपासणीला पाठवायला लावली, कारण या जातीत मूत्रपिंडाचा आजार बापाकडून पोरांत उतरतो, हे तिला डॉक्टरनं सांगितलं होतं. बारा आठवड्यांच्या आत पिल्लू उंबरा ओलांडणार नाही. दोन लशी झाल्याशिवाय नाही. आणि कुणाला विकायचं झालं तर आधी नसबंदी.

डेअरीवर पोरं चिडवायची, "बानूबाई, जमली का मांजराची सोयरीक?"

"जमली की. तुझी कवा जमतीया?"

भांडगावात तिशी ओलांडलेल्या बिनलग्नाच्या पोरांची काही कमी नाही. त्यामुळं हा प्रश्न एका माणसानं दोनदा कधी विचारला नाही.

असं सगळं नीट चाललेलं असताना बानूबाईनं एक चूक केली. चूक अशी, की मेंढरं राखलेल्या माणसाखेरीज कुणाला सुचलीही नसती. तिनं लोणीची लेक साय ही अर्धलीनं दिली.

अर्धली म्हणजे जनावर एकाचं, सांभाळायचं दुसऱ्यानं, आणि होणारी पिल्लं निम्मी निम्मी. कागद नाही, सही नाही, चार माणसांसमोर एक सुपारी. बानूबाईच्या सासऱ्यानं जन्मभर अशा मेंढ्या दिल्या आणि एकही बुडाली नाही. त्यातल्या निम्म्या हौसराव आप्पांच्या घरी. आप्पा म्हणजे कॅनॉलखालचे मोठे बागायतदार आणि गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. त्यांच्या रानात खतासाठी बानूबाईच्या सासऱ्याची मेंढरं बसायची, तेव्हापासूनचा घरोबा. साय पाच महिन्यांची झाली तेव्हा घरात तीन मांजरांची मर्यादा भरली होती, आणि लोणीचं वाण पुढं चालायचं ते हिच्याचकडून, म्हणून तिला विकायचं मनात नव्हतं. आप्पांच्या पुतण्यानं, पृथ्वीराजनं, मागणी घातली. दिवाळीत सुपारी झाली. अट एकच : पुढच्या दिवाळीपर्यंत नराचं नाव काढायचं नाही.

आता मेंढीला माणूस फार घाई करू शकत नाही, ती आपल्या वेळेनं चालते. मांजर दर दोन-तीन आठवड्यांनी माजावर येतं आणि सांभाळणारा अधाशी असला तर घाईला अंत नाही. मेंढीची रीत मांजराला लावताना बानूबाईच्या हे ध्यानातच आलं नाही.

वैशाखात एका रविवारी संपत घरी आला. जेवता जेवता मोबाइल बघत होता, तो एकदम थांबला.

"आये, ही आपली साय हाय का बघ."

पडद्यावर पृथ्वीराज काळा गॉगल लावून उभा होता. मागं पत्र्याचं शेड, त्यात पिंजरा, पिंजऱ्यात साय, आणि तिच्या पोटाशी चार पिल्लं. "मित्रांनो, पुढच्या लिटरचं, म्हणजे पुढच्या वेताचं, बुकिंग चालू झालंय!" पृथ्वीराज म्हणत होता. त्याच्या पायाशी डोळे गळणारा एक बोका बसला होता. कागद तर सोडाच, त्याला कुणी कधी फडक्यानं पुसलंही नसावं.

बानूबाईनं व्हिडिओ दोनदा बघितला. बोटांवर महिने मोजले.

"वरीस भरलं न्हाई अजून पोरीला. हा दुसऱ्या वेताचं गिऱ्हाईक बघतोय." हात धुऊन ती उठली. "गाडी काढ."

"भर उन्हाचं? भाकरी तर संपव."

"ती पत्र्याखाली हाय आन् मी भाकरी खाऊ?"

शेडमध्ये साय तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. जातिवंत मांजराचं नाकच बसकं. उन्हात त्याला श्वास पुरत नाही. मानेखालच्या केसांच्या गुठळ्या झाल्या होत्या, पाठीचा कणा हाताला लागत होता. तिच्या अंगावर चार पोरं लोंबत होती. बानूबाईनं दार उघडून हात आत घातला, तर सायनं तो चाटला. मग बानूबाईला जास्तच राग आला.

"मावशी, फॅन आजच रिपेअरीला दिलाय," पृथ्वीराज म्हणाला.

"आन् अट? ती बी रिपेअरीला दिली काय?"

"नॅचरल झालं ओ ते. मांजरच आहे. दार उघडं राहिलं."

"शहाणंच दार म्हणायचं. बरोबर माजाच्या दिवशी उघडं राहातंय."

हौसराव आप्पा लिंबाखाली बाजेवर होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं, पण उठले नाहीत. "बानू, अर्धली हाय," ते शांतपणे म्हणाले. "वाटणी झाल्याबिगर जनावर दावं सोडत न्हाई. तुझ्या सासऱ्याचीच रीत हाय."

"मग करा वाटणी."

"उद्या सकाळी डेअरीवर ये. चार माणसांत करू. मागनं तू म्हणायची, हौसरावनं लुबाडलं."

"तवर ही हितं पत्र्यात?"

बानूबाई शेडच्या दारात बसली. घरातला पंखा येईपर्यंत, पिंजऱ्यावर ओलं पोतं पडेपर्यंत आणि पाण्याचं भांडं घासून भरेपर्यंत ती उठली नाही. पृथ्वीराजनं तिच्या बसण्याचाही व्हिडिओ काढला. "नीट काढ," ती म्हणाली, "पोतं दिसू दे."

सोमवारी सकाळी डेअरीवर दुधाची रांग होती. आप्पांनी जागा आणि वेळ विचार करूनच निवडली होती : सगळं गाव कॅन घेऊन उभं असतं, आणि प्रत्येकाच्या दुधाला आप्पांची गरज असते. ओट्यावर दोन पोती अंथरली. संस्थेचे सेक्रेटरी आनंदराव फॅटचं मशीन बाजूला सारून साक्षीला बसले.

"सांभाळणारा वाटे घालणार, धनी उचलणार," आप्पा म्हणाले. "बरोबर का, आनंदराव?"

"रीत तीच हाय."

"पण मूळ जनावर बी वाट्यात धरायचं. सहा महिने परदेशी खाणं खाल्लंय तिनं माझ्या घरी."

रांगेत कुजबुज झाली. अर्धलीत आई कधी वाट्यात धरत नाहीत, ती धन्याचीच. संपत पुढं सरसावला, पण बानूबाईनं त्याचा शर्ट मागून धरला.

"धरा," ती म्हणाली.

आप्पांनी वाटे घातले. एका पोत्यावर साय, एकटी. दुसऱ्या पोत्यावर चारही पिल्लं. मग मागं सरून मिशीवरून हात फिरवला. हिशेब सरळ होता. चार पिल्लं म्हणजे पुण्यात चार नवे मोबाइल. बाई पिल्लं उचलणार आणि साय पृथ्वीराजच्या पिंजऱ्यात कायमची राहणार. आणि समजा तिनं हाडं दिसणारी आईच उचलली, तर चारही पिल्लं आपली. आप्पांनी गावच्या चार निवडणुका अशाच जिंकल्या होत्या, दोन्ही उमेदवार आपलेच उभे करून.

बानूबाईनं कमरेची पिशवी सोडली, भंडाऱ्यात बोट बुडवलं आणि सायच्या कपाळाला पिवळी रेघ ओढली. मेंढरांच्या वाटणीत उचललेल्या जनावराला अशीच खूण करतात. खूण झाली की बोलणं संपलं.

"हा माझा वाटा. बघितलं का समद्यांनी?"

"बघितलं," आनंदराव म्हणाले.

रांगेतलं कुणीतरी फिसकन हसलं. "चार सोडून एक! मेंढरं इकल्यापास्नं बाईला मोजताच येत न्हाई." पृथ्वीराज तर हसत हसत पिल्लं क्रेटमध्ये भरायलाही लागला.

"थांब रं," बानूबाई म्हणाली. "ती कुठं चालवलीस?"

"आमचा वाटा आहे, मावशी."

"हाय की. तुमचाच हाय. पण पाच आठवड्यांची हायती, पितायत अजून. आन् पिणारं पोर आईमागं जातं. पिणं सुटलं की धन्यानं यायचं आन् आपला वाटा न्यायचा."

आप्पांचा हात मिशीवरच राहिला. "हे कुठलं काढलंस?"

"तुमच्याच घरातनं काढलं. आप्पा, चौदा वर्सं झाली. माझ्या मालकानं तुमाला अर्धलीनं दिलेल्या मेंढ्यांची वाटणी हितंच झाली हुती. त्यांच्या पोटच्या, वाढून व्यालेल्या दोन मेंढ्या तुमच्या वाट्याला आल्या आन् पाच कोकरं आमच्या. तवा तुमीच म्हणालात, पिणारी कोकरं आईमागं. अडीच महिने ती पाच कोकरं तुमच्या गोठ्यात हुती. आमी हूं का चूं केलं न्हाई, रीत हाय म्हणून. आनंदराव, तुमी हुता का न्हाई?"

आनंदरावांनी फॅटच्या मशीनकडं बघितलं, मग चेअरमनकडं, मग पुन्हा मशीनकडं. नोकरी संस्थेची होती. पण त्या कोकरांपैकी एकाचं पुढं जत्रेत मटण झालं होतं आणि पंगतीला ते स्वतः होते.

"हुतो," ते म्हणाले.

"ते मेंढराचं हुतं!" आप्पांचा आवाज चढला.

"अर्धली बी मेंढराचीच हुती की. अर्धलीची रीत मांजराला लागती, आन् पिणाऱ्या पोराची लागत न्हाई व्हय? का चेअरमनच्या घराला येगळी हाय? तसं सांगा, म्हंजी ह्या रांगेतल्यांना बी कळंल."

आता कुणी हसत नव्हतं. रांगेतल्या निम्म्या घरांत कुणाची ना कुणाची शेळी अर्धलीनं होती.

"पिणं सुटायचं कवा?" आप्पांनी विचारलं.

"बाराव्या आठवड्यात."

"बारा? मांजराची पोरं महिन्यात उंदीर धरत्यात!"

"तुमच्या शेडात धरत असतील. त्यांना दुसरं काय मिळत असंल?"

यावर मात्र रांग खदखदली, आणि आप्पांना तेवढंच सहन झालं नाही. ते ओट्यावर उभे राहिले. "बानू, रीत तुझी आन् डेअरी माझी. उद्यापासनं हितं तुझं दूध घ्यायचं न्हाई. आनंदराव, ऐकलं?"

बानूबाईचा कॅन रांगेत तिसरा होता. तिनं तो उचलला आणि कडेवर घेतला.

"उद्यापासनं कशाला?" ती म्हणाली. "संपत, क्रेट घे. पोरांवर पदर टाक माझा, ऊन लागंल."

वाटेत संपतनं तीनदा विचारलं, दुधाचं काय करायचं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "ताक प्यायला लाग." त्याच संध्याकाळी ती महामार्गावर गेली आणि सारजाबाईच्या चहाच्या हॉटेलात दूध ठरवून आली. तिथं फॅट कुणी मोजत नाही. पाणी घातलंय का, एवढंच बघतात. डेअरी दोनशे पावलांवर होती, हॉटेल दोन किलोमीटर. रोज दोन वेळा, कॅन डोक्यावर.

सायच्या गुठळ्या बानूबाईनं मेंढरं कातरायच्या कातरीनं काढल्या, कातडीला टोकसुद्धा न लागू देता. खोलीत कूलर, खिडकीला ओलं पोतं, आणि लोणी नातवंडांवर गुरगुरत कपाटावर. आठव्या आठवड्यात पृथ्वीराज एक गिऱ्हाईक घेऊन दारात आला.

"मावशी, यांनी बुकिंग केलंय. पिल्लं आता खातात ना?"

"खातायत. पितायत बी."

"मी व्हिडिओ टाकणार, तुम्ही माझी मांजरं अडवून ठेवलीत म्हणून."

"टाक. पयला शेडाचा टाक, मग ह्या खोलीचा. लोकांना बघू दे कुठली कुठं बरी दिसत्यात." मग ती गिऱ्हाइकाकडं वळली. "तुमी चांगल्या घरचं दिसताय. ह्याचा बोका तपासलेला न्हाई, एवढं ध्यानात ठेवा. पोरांची काडी पाठवून मगच घ्या." गिऱ्हाईक परत जाताना पृथ्वीराजशी बोलत नव्हतं.

दहाव्या आठवड्यात सायनं खाणं सोडलं. माठाच्या ओल्या बुडाशी जाऊन बसली, हलेना. बानूबाईनं शेपटी उचलून वास घेतला आणि तिला कळलं. संपत शिफ्टला होता. तिनं टोपलीत साय घातली, वर फडकं बांधलं, आणि जीपनं दौंड गाठलं.

डॉक्टर सविता गाई-म्हशींच्या डॉक्टर. मांजरं तपासायला त्या बानूबाईमुळंच शिकल्या असं गमतीनं सांगतात. त्या दिवशी गंमत नव्हती.

"गर्भपिशवीत पू झालाय. दोन वाटा आहेत. औषधांवर ठेवून बघू, लागू पडलं तर पुढं पिल्लं होतील. पण तेवढ्यात जीवही जाऊ शकतो. नाहीतर आजच पिशवी काढायची."

"काढा."

"बानूबाई, घाई नको. लोणीचं ऑपरेशन मागंच झालंय. तुमच्या त्या वाणाची ही एकटीच ना?"

एकटीच होती. तीन पिढ्यांची इंग्रजी नावं, त्याखाली लोणी, त्याखाली साय. खाली जागा मोकळी. सहा वर्षं बानूबाई त्या मोकळ्या जागेकडं बघत होती. पिल्लं होती, पण ती आप्पांच्या वाट्याची, आणि न तपासलेल्या बोक्याची. त्यांच्यावर तिला वाण चालवायचं नव्हतं.

"पृथ्वीराजनं बी हिच्याकडं पुढचं वेतच बघितलं," ती म्हणाली. "मी बी तेच बघू व्हय? डॉक्टर, तुमी कात्री घ्या."

बाहेरच्या बाकावर ती तीन तास बसली. चहा आला, तो गार झाला. शेजारी बसलेल्या माणसानं विचारलं, म्हैस का गाय? "मांजर," ती अशा आवाजात म्हणाली, की पुढं त्यानं काही विचारलं नाही.

बारा आठवडे भरले त्या दिवशी पिल्लं न्यायला आप्पा आले नाहीत, पृथ्वीराजही नाही. आल्या तुळजाबाई, आप्पांच्या कारभारीण, हातात जाळीची नवीकोरी टोपली घेऊन. बानूबाईनं चार लशीची कार्डं मांडली, कुठलं पिल्लू काय खातं ते सांगितलं. दोन-तीन महिन्यांनी नसबंदी करून घ्यायची, आणि कुठल्या डॉक्टरकडं, तेही.

"पृथ्वीराजनं पिंजरं इकलं," तुळजाबाई म्हणाल्या. "आता कोंबडं आणलंय लढाईचं. ही माझ्या सैपाकघरात राहातील दोन, दोन माझ्या लेकीकडं शिरूरला. तुझं ते पंख्याचं समदं सांगितलंय मी तिला." टोपलीचं झाकण लावून त्या जरा थांबल्या. "ह्यांनी निरोप दिलाय. झालं गेलं सोडून दे, दूध घालत जा म्हणत्यात."

"दूध सारजाबाईला जातंय म्हणावं."

"दोन किलोमीटर चालत?"

"वैनी, मी मेंढरांमागं नगरपातूर चाललीया."

तुळजाबाईंनी घरभर नजर फिरवली. कूलर, खिडकीचं पोतं, कपाटावरची म्हातारी लोणी. दोन्ही बाया एका वयाच्या, एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. त्यामुळं पुढचं बोलणं त्यांना मोकळेपणानं करता आलं.

"खरं सांगू का, बानू, मला तुझं गणित कळलंच न्हाई. पोरं आमी नेली. डेअरी सुटली. हिची पिशवी बी गेली, आता हिला वेत न्हाई. मग एवढं भांडून तुझ्या पदरात पडलं काय?"

साय खोलीतून बाहेर आली होती. पोटावरचे भादरलेले केस अर्धे उगवलेले, कणा आता दिसत नव्हता. टोपलीकडं तिनं एकदा बघितलं, पोरांना हुंगलं आणि उंबऱ्याशी येऊन थांबली. उंबऱ्यावर चेअरमनची कारभारीण उभी होती.

"मांजर पडलं की," बानूबाई म्हणाली. "सरका जरा, वैनी. तिला बाहीर जायचंय."